फोड जातो, तीळ राहतो

त्याचं खरं नाव वीजबिलावर तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला हलूनका म्हणायचे, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. फोटोचं दुकान होतं त्याचं. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं, की कॅमेऱ्यामागून एकच आवाज यायचा, "हलू नका." समोर तान्हं बाळ असो की पोलिसातला मोठा साहेब, हुकूम तोच. एका म्हातारबुवांनी तर तो एवढा मनावर घेतला, की फोटो झाल्यावरही मान तशीच.

"झाला आजोबा फोटो."

"मग तसं सांग ना मेल्या, मी श्वास धरून बसलोय!"

दुकान दोन खोल्यांचं. पुढे काउंटर, आणि रस्त्याकडच्या काचेत एका गुबगुबीत बाळाचा मोठा फोटो. तो फोटो म्हणजे हलूनकाची सगळ्यात मोठी कमाई. ते बाळ आता स्वतः बाप झालं होतं आणि फोटो उन्हानं पिवळा पडला होता, पण काढायची छाती कुणाची? मागच्या खोलीत स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे, आणि आरशाशेजारी दोरीनं बांधलेला कंगवा. दोरी अशासाठी, की आधीचे चार कंगवे लोकांच्या खिशातून गेले. खुंटीला एक काळा कोट. ज्याच्याकडे कोट नाही त्यानं तो घालायचा. अर्ध्या गावाची ओळखपत्रं त्या एकाच कोटात निघाली होती. जाड्याला पाठीमागून चिमटा लावायचा नाही, किडकिड्याला लावायचा, एवढाच काय तो फरक.

माणूस कामाचा पक्का होता. फोटो संगणकावर घेऊन साफसूफ करायचा, पण त्याचा एक कायदा होता. गालावरचा फोड काढायचा, पण तीळ काढायचा नाही. कुणी म्हटलं, "एवढा तीळही घालवा की," तर म्हणायचा, "फोड जातो, तीळ राहतो. जाणारं काढावं, राहणारं ठेवावं. उद्या तुम्हाला तुमची आई ओळखेल का?" आणि संध्याकाळी दुकान बंद करताना छापून झालेले सगळे चेहरे पुसून टाकायचा, कॅमेऱ्यातलेही आणि संगणकातलेही. ठेवायचे कशाला? लोकांची गर्दी आधीच काय कमी आहे.

त्याची बायको काउंटरवर बसायची. छोट्या कटरनं फोटो कापायचे, पाकिटात घालायचे, आणि फोटो बघून "असा कुठे दिसतो मी?" म्हणणाऱ्याची समजूत काढायची, हे तिचं काम. "अगदी असेच दिसता," असं ती इतक्या मायेनं सांगायची, की माणूस नाराज होऊनही हसत बाहेर पडायचा. लेक लग्न होऊन गेली आणि बाईच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर गोळ्या घ्या. बाईला गोळ्या गिळता येत नसत, म्हणून ती चालायला लागली. दर रविवारी काही मंडळी रानात जायची, त्यांच्यात मिळाली. जाताना दुकानातला अडगळीतला जुना कॅमेरा पिशवीत टाकला. हलूनकानं बघितलं. म्हणाला, "ने, ने. धूळ तरी झटकली जाईल."

इथेच चुकला तो. धुळीबरोबर बरंच काही झटकलं गेलं.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती एका धबधब्याचा फोटो घेऊन आली. त्यात पाण्याचे थेंब दिसतच नव्हते. वरून खाली दुधाची साय सोडावी तसं सलग, मऊ, पांढरं पाणी, आणि बाजूला काळेशार दगड.

हलूनकानं चष्मा वर केला, खाली केला. "हललंय," म्हणाला.

"हलू दिलंय," ती म्हणाली. "शटर उघडं ठेवलं आणि आकडे मोजत बसले. पाण्याला काय हलू नको म्हणायचं?"

तिनं तो फोटो काउंटरच्या काचेखाली सरकवला. झालं! ओळखपत्राचे फोटो न्यायला आलेलं माणूस आपला चेहरा बघायचं सोडून ते पाणीच बघत बसायला लागलं. "हा कुणी काढला हो?" असं विचारलं, की हलूनका, "आमच्या हिनं," म्हणायचा, पण एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक फोटो दवाखान्यात लावायला मागून नेला. उभ्या आयुष्यात त्याच्या फोटोला कुणी 'दवाखान्यात लावतो' म्हटलं नव्हतं. त्याचे फोटो लोक घडी घालून पाकिटात ठेवायचे आणि कुणी बघितलं तर लाजायचे. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं झालं. बरं, ती कानामागची कुणी परकी असती तर चार शिव्या तरी देता आल्या असत्या. ही घरातलीच, आणि वर सकाळचा चहाही तिच्याच हातचा.

लेकीचा फोन आला तरी तेच. "बाबा, आईचा नवा फोटो बघितलात? कसली आहे ना आई!"

"बघितला. कॅमेरा माझा आहे," म्हणाला तो.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं. पण एके रविवारी संध्याकाळी तो दारात उभा असताना बायको कोपऱ्यावरून येताना दिसली. शेजारी एक उंच, सडपातळ माणूस होता, लालभडक रेनकोटातला, आणि त्याच्या खांद्यावर हलूनकाच्या दुकानाचा स्टँड. कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड, ज्याला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही असा नियम होता.

"कोण तो?" घरात आल्या आल्या त्यानं विचारलं.

"पोस्टमन होते पलीकडच्या भागातले. आता रिटायर झालेत. जन्मभर चाललेत, आता पाय ऐकत नाहीत त्यांचे. चांगले आहेत भाऊजी."

"भाऊजी? माझा भाऊ कधीपासून झाला तो?"

"मग काय म्हणू, अहो म्हणू?"

तो आत गेला आणि स्टँडचे तिन्ही पाय फडक्यानं पुसत बसला, जणू त्याला कुणाची दृष्ट लागली होती. पुढे आठवडाभर त्याच्या डोक्यात तो लाल रेनकोट फिरत होता. एका गिऱ्हाइकानं सहज लाल शर्ट घातला होता, तर त्याला म्हणाला, "हा रंग फोटोत वाईट येतो. कोट घाला." आणि गाल झाकून जातील एवढा वरपर्यंत कोट त्या बिचाऱ्याला चढवला.

शेवटी न राहवून एका शनिवारी म्हणाला, "उद्या मीही येतो."

"या की," ती म्हणाली. "बूट तेवढे दुसरे घाला."

त्यानं दुसरे घातले नाहीत. पॉलिश केलेलेच घातले. रानातली वाट म्हणजे काय दुकानापुढचा फुटपाथ आहे? मुळ्या पायात येतात, ओले दगड पाय ओढतात, पानं खालून सरकतात. अर्ध्या वाटेत त्याच्या घोट्याला जळू चिकटली आणि त्यानं असा ओरडा केला, की पुढे गेलेली मंडळी माघारी आली. पोस्टमननं कसलीशी चिमूट टाकून जळू सोडवली आणि वर म्हणाला, "भाऊ, तुम्हाला पसंत केलं तिनं. मला तर ढुंकून बघत नाही." सगळे हसले. बायकोही हसली. ते हसणं त्याला जळवेपेक्षा जास्त चावलं.

धबधबा दिसायच्या आधी ऐकू आला. मग झाडं बाजूला झाली आणि समोर उंच कड्यावरून दोन टप्प्यांत पाणी कोसळताना दिसलं. तुषार एवढे, की चष्म्यावर घाम फुटल्यासारखं झालं. बायकोनं स्टँड रोवला, पाय दाबून बघितले, कॅमेऱ्यावर छत्री धरली, उजेड कमी आत यावा म्हणून भिंगावर काळी काच चढवली, आणि मग गप्प उभी राहिली.

"काढ की," हलूनका म्हणाला.

"ढगाची वाट बघतेय. ऊन आहे तोवर पाणी भगभगीत येतं."

दुकानात दिवा लावला की लागतो आणि विझवला की विझतो. इथे ही बाई ढगासाठी उभी. आणि आश्चर्य म्हणजे कंटाळलेली दिसत नव्हती. काउंटरवर तिच्या चेहऱ्यावर असं सुख त्यानं कधी बघितल्याचं त्याला आठवेना. तेवढ्यात तो पोस्टमन, कुणी काही न सांगता, सरळ खाली उतरला आणि पाण्याच्या पायथ्याशी एका दगडावर जाऊन, पाठ इकडे करून, उभा राहिला. रोजचीच जागा असल्यासारखा. ढग आला. बायकोनं ओरडून सांगितलं,

"भाऊजी, हलू नका!"

हे शब्द हलूनकाचे होते. त्या शब्दांवर त्याचं दुकान चाललं, त्याचं नाव पडलं, आणि ही बाई ते असे रानात, भलत्याच माणसाला देऊन मोकळी!

त्यानंही मग हट्टानं एक फोटो काढला, फ्लॅश मारून, धबधब्याच्या अगदी समोर उभं राहून. पाणी असं आलं जसं कुणी मिठाचं पोतं फोडलंय. बायकोनं बघितला आणि म्हणाली, "छान आहे. थेंब मोजता येतील." चांगलंच म्हणाली बिचारी. पण नाचता येईना अंगण वाकडं, तसा तो परत येईस्तोवर कॅमेऱ्यालाच दोष देत होता.

त्या दिवशीचा तिचा फोटो मात्र असा आला, की ज्यानं बघितला तो पाऊल मागे घ्यायचा. वाचनालयाच्या बाई ओळखपत्रासाठी दुकानात आल्या होत्या, त्यांनी तो संगणकावर पाहिला. त्यांच्या वाचायच्या खोलीत दारासमोरची मोठी भिंत रिकामी होती. म्हणाल्या, "हाच लावूया. मोठ्ठा करून द्या. आणि खाली तुमच्या मिसेसचं नाव लिहू हं."

नाव. एवढ्या वर्षांत त्यानं हजारो माणसं टिपली, पण कुठल्या फोटोखाली कधी फोटो काढणाऱ्याचं नाव असतं का? मागच्या बाजूला दुकानाचा शिक्का, तोही पुसट. आणि हिचं नाव भिंतीवर, दारासमोर! बायको त्या दिवशी तीनदा उठून आरशासमोर गेली आणि काही न करता परत आली. तिच्यासाठी ती भिंत म्हणजे काय होती, हे त्याला दिसत होतं. न दिसायला तो आंधळा नव्हता.

फोटो मोठा करायचं काम त्याचंच. बायको लेकीकडे गेली होती तेव्हा तो बसला. पाणी बघितलं. दगड बघितले. आणि खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढा, लाल रेनकोट. एवढासा, पण डोळ्यात कुसळ गेल्यासारखा सलायला लागला. ह्यापुढे वाचनालयात जाणारा प्रत्येक माणूस, बायकोचं नाव आणि त्याच्यावर हा बाबा, दोघांना एकत्र बघणार. जन्मभर! हात सवयीनं चालला. फोड काढायचं जे हत्यार होतं तेच घेतलं, दोनदा फिरवलं, आणि पोस्टमन गेला. त्या जागी ओला दगड. इतकं सफाईदार काम, की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग फोटो छापला, खाकी कागदात गुंडाळला, आणि रोजच्यासारखं सगळं पुसून दुकान बंद केलं.

"मला बघू तरी दे," बायको म्हणाली.

"तिथेच बघ सगळ्यांबरोबर. मजा येईल."

वाचनालयात कागद सोडला. सगळे बघत राहिले, पण कुणी पाऊल मागे घेतलं नाही. वाचनालयाच्या बाईंनी चष्मा पुसला.

"हे जरा... लहान वाटतंय का हो?"

"फ्रेम तुम्ही सांगितली तेवढीच आहे," हलूनका म्हणाला.

"फ्रेम नाही. पाणी."

रोज पेपर वाचायला येणारे एक आजोबा जवळ येऊन म्हणाले, "आमच्या गच्चीवरची टाकी भरून वाहते ना, अगदी असंच दिसतं. टाकीचा काढलाय का?"

हलूनकानं फोटोकडे नीट बघितलं, आणि त्यालाही आता ते दिसलं. पायथ्याचा तो दाणा होता म्हणून कडा उंच होता. दाणा गेला आणि कडा गुडघ्याएवढा झाला. त्याच्या धंद्यात पैलवान आणि पोर दोघांची डोकी एकाच चौकटीत, एकाच मापानं बसतात. कोण केवढा, हे फोटोत दाखवायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. दुसऱ्या कुणाला सुचली नसती अशी चूक, ती त्याला बरोबर सुचली.

वाचनालयाच्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "असू दे, बघूया. दुसरा एखादा असेल तर सोमवारपर्यंत आणा. नाहीतर तिथे घड्याळच लावू म्हणते."

बायकोनं त्या रिकाम्या दगडाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि ती चालायला लागली. गुडघे दुखणारी बाई, पण त्याला गाठता येईना. दुकानात आल्यावर संगणक चालू करून म्हणाली,

"मूळचा काढा."

"पुसला."

"कॅमेऱ्यातला?"

"रोजच्या सवयीनं..."

"आणि भाऊजी? तेही सवयीनं?"

"नजरचुकीनं गेले असतील."

"नजरचुकीनं! लोक हातापाया पडतात तरी तुम्ही कुणाचा तीळ काढत नाही. आणि माझ्या फोटोतला अख्खा माणूस नजरचुकीनं गेला?" तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "भिंतीवर लागणारा एकच फोटो होता हो माझा. तुमच्या काचेतल्या बाळाला मी इतकी वर्षं पुसतेय, कधी बोटाचा ठसा उमटू दिला का?"

त्यानं कंगव्याची दोरी उगाच सोडवली, परत बांधली.

"रविवारी जायचं," ती म्हणाली. "पाणी ओसरायला लागलंय, त्याच्या आत. आणि त्या दगडावर तुम्ही उभं राहायचं."

रविवारी ह्या खेपेला त्यानं दुसरे बूट घातले. पोस्टमन होताच. बायकोनं त्याला सगळं सांगून टाकलं होतं, आणि हलूनका आता मार खायच्या तयारीनंच चालत होता. पण तो माणूस रस्ताभर हसत होता.

"मला काढलंत, भाऊ? खरंच काढलंत? अहो, उभ्या जन्मात मला कुणी एवढं महत्त्व दिलं नव्हतं!"

उतरणीवर आल्यावर पोस्टमननं खांद्यावरचा स्टँड खाली घेतला आणि काठीसारखा टेकत टेकत उतरायला लागला. हळूच म्हणाला, "कुणाला सांगू नका. ह्या उताराची मला भीती वाटते. काठी घेतली तर म्हातारा म्हणतात, स्टँड घेतला तर मदतनीस म्हणतात. वहिनींच्या कृपेनं माझी अब्रू राहिलीये."

हलूनकाला हसूही आलं आणि स्वतःची लाजही वाटली. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. "पायांना रबर लावा त्याच्या," एवढंच म्हणाला. "घासतात ते."

मग तो दगडावर उतरला. "उजवा पाय त्या खळग्यात टेकवा, म्हणजे घसरणार नाही," पोस्टमननं वरून सांगितलं, आणि ते बरोबर निघालं, त्याचाही त्याला राग आला. पाठ करून उभा राहिला. समोर सगळं पाणीच पाणी, कानात त्याचाच आवाज, मानेवरून थंड धार आत शिरत होती. नाकाला खाज सुटली. ढग यायचं नाव घेईना. स्टुलावर बसणाऱ्यांना काय वाटत असेल, हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

अखेर सावली पडली. वरून आवाज आला, "हलू नका!"

त्याचेच शब्द, आणि आता त्यालाच. तो खांबासारखा उभा राहिला. शटर उघडलं होतं, बायको आकडे मोजत असणार. आणि तेवढ्यात त्याच्या मनात आलं, आपण इथे खाली, ते दोघं तिथे वर. छत्री कोण धरत असेल? स्वतःला त्यानं बजावलं, हलू नकोस. नाक खाजवलं नाही, पाय हलवला नाही. पण मान... मान आपोआप वळली. छत्री पोस्टमननंच धरली होती.

दुसरा काढला. पुन्हा तेच. तिसऱ्यालाही तेच. मग ऊन आलं ते गेलंच नाही.

घरी संगणकावर बघितलं. पाणी पहिल्यापेक्षाही सुंदर, कडा आभाळाला टेकलेला. पायथ्याशी दाण्याएवढा माणूस, खांद्यापर्यंत स्वच्छ, आणि वर डोक्याच्या जागी वळलेला धूर.

बायको हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होती. "हलूनका हलले!"

"थांब, डोकं नीट करतो. माझ्या एखाद्या जुन्या फोटोतलं चिकटवतो." त्यानं हात पुढे केला.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. "राहू द्या."

"अगं, दोष आहे तो."

"राहणारा आहे," ती म्हणाली. "राहणारं ठेवावं, तुम्हीच म्हणता ना?"

सोमवारी फोटो भिंतीवर लागला. खाली बायकोचं नाव, ठळक अक्षरात. ते वाचून त्याच्या पोटात अजूनही थोडं दुखलंच. खोटं कशाला बोला. पण तेव्हापासून हलूनका रोज दुपारी वाचनालयात पेपर वाचायला जातो, आणि खुर्ची नेमकी त्या भिंतीखालचीच धरतो. लोक येतात, फोटोसमोर थांबतात, आणि एक पाऊल मागे घेतात. परवा ते टाकीवाले आजोबा बराच वेळ कोपऱ्यात डोळे बारीक करून बघत होते.

"काय हो," ते म्हणाले, "एवढं पाणी समोर कोसळतंय, आणि हा गडी ते सोडून मागे कुणाकडे बघतोय?"

हलूनकानं पेपर तोंडासमोर धरला.

"बायको असेल त्याची," म्हणाला.